सबिनोच्या बुटातला खडा

आमच्या घरी बुटांना चरबी लावायचं काम माझं. मेंढीची चरबी आणि मेण मंद आचेवर विरघळवायचं, जुन्या गंजीच्या चिंधीवर घ्यायचं आणि शिवणीशिवणीत मुरेपर्यंत घासत राहायचं. दर शनिवारी सकाळची जपमाळ झाली की मी मागच्या पायरीवर बसून हे करते. त्या शनिवारी खरं तर गरज नव्हती. माझ्या भावाच्या, सबिनोच्या, जुन्या बुटांचा तळ टाचेपाशी उकलला होता आणि त्याच दुपारी आम्ही नवे घ्यायला हेली गावात जाणार होतो. पण नेम म्हणजे नेम.

एरवी मी बूट बाहेरूनच पुसते; त्या दिवशी उकललेला तळ आतून धरायला डाव्या बुटात हात घातला आणि बोटाला टोचलं.

चवड्याच्या जागी खडा होता. आमच्या खालच्या माळावर असतो तसला काळा, जळका दगड, हरभऱ्याहून मोठा आणि एका अंगाला धार असलेला. तो नुसता पडलेला नव्हता. आतल्या कातड्यात त्याने स्वतःपुरता खळगा करून घेतला होता. मी तो उचलला तरी खळगा तसाच राहिला, आणि त्याच्याभोवतीचं कातडं काळपट, कडक झालेलं होतं. म्हणजे आजकालचा नव्हता तो. त्याच्यावर पाय ठेवून सबिनो कित्येक दिवस चालला होता.

माझ्या हातातली चिंधी खाली पडली.

आमची आजी समुद्रापलीकडच्या बास्क गावातून इथे अमेरिकेत, आयडाहोत आली, तेव्हा तिने दोनच गोष्टी आणल्या असं ती म्हणायची, एक खमिराचा गोळा आणि एक नवस. आजोबा बोटीवर असताना ती बुटात कच्चे हरभरे घालून टेकडीवरच्या देवळात चालत जायची. "विचारायचं नाही आणि सांगायचं नाही," ती आम्हाला बजावायची. "बोललेला नवस देवापर्यंत पोचत नाही."

सबिनोची बायको कार्मेले गेली, तिच्या अंत्यविधीच्या मिस्सेनंतर तो देवळाची पायरी चढला नव्हता. मी रविवारी निघाले की तो मुद्दाम मोठ्याने रेडिओ लावायचा. "माझ्या वाटचं पण मागून घे ग, संतीणबाई," म्हणायचा. आणि हा माणूस कुणाला न सांगता, मला न सांगता, बुटात दगड घालून कोकरांच्या मागे हिंडत होता!

मी क्रूसाची खूण केली. बूट बाहेरून आतून पुसला, चरबी लावली. मग तो खडा त्याच खळग्यात, जसा होता तसा, धार वर करून परत ठेवला.

दुपारी निघालो. गाडी मी चालवत होते. सबिनो शेजारी बसून डब्यामागून डबा गोड सोडा पीत होता. हल्ली त्याला तहान फार लागायची. गुरुवारी मेंढ्या वर डोंगरात न्यायच्या होत्या. पेरूहून दरवर्षी येणारा आमचा धनगर या वर्षी कागदपत्रांत अडकला होता, म्हणून साठी उलटलेला सबिनो स्वतः कळपाबरोबर जाणार होता, पूर्ण उन्हाळा, बर्फ वितळल्यावर नुसता घसरता दगड उरतो त्या उंचीवर. कळप म्हणजे आमचं सगळं. तो वर गेला नाही तर खाली त्याला घालायला गवत नव्हतं.

"काय बघतेस मघापासून?" त्याने विचारलं.

"काही नाही."

"रस्त्याकडे बघ. मी कुठे पळून जात नाही."

गाडीतून उतरून तो दुकानाकडे चालत गेला. मी मुद्दाम मागे राहिले. डावा पाय टाकताना ना तो लंगडला, ना त्याच्या कपाळावर आठी पडली. मला भरून आलं. मी बुधवारी नुसत्या ब्रेड-पाण्यावर राहते तर संध्याकाळपर्यंत माझं डोकं चढतं, आणि हा बघा.

दुकान डेल्फाचं. ती शाळेत सबिनोच्या वर्गात होती आणि तेव्हापासून तिने त्याची थट्टा कधी सोडलेली नाही.

"या, या! ती बघा, म्हातारी मेंढी आली कळप सोडून," ती शिडीवरून म्हणाली. "बूट का रे? वर्षभर दोरीने बांधून चालवलेस म्हणे."

"तुझ्या दुकानातलेच होते. म्हणून दोरी लागली."

"ते बूट माझ्या बापाने विकलेत तुला, मेल्या. बापाला नावं ठेवू नकोस. बस तिथे."

तो बाकावर बसला. डेल्फाने तीन खोकी आणून ठेवली आणि एकेक बूट त्याच्या नाकासमोर नाचवायला लागली. "हा बघ. वरचं सगळं कातडं एका तुकड्याचं. शिवण फक्त मागे. जेवढी शिवण कमी, तेवढी फाटायची जागा कमी. आणि हा तळ शिवलेला आहे, चिकटवलेला नाही. झिजला की आण, नवा घालून देते. वाकवून बघ."

सबिनोने वाकवला. वाकला नाही.

"दगडावर असाच हवा," डेल्फा म्हणाली. "मऊ तळाचे बूट गावात फिरायला. आणि ही जीभ बघ, दोन्ही बाजूंनी वरपर्यंत शिवलेली आहे. खडा आत शिरायची सोयच नाही."

मी सबिनोकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. कसा लपवतोय, मी मनात म्हटलं.

"काढ जुने," डेल्फा म्हणाली.

त्याने नाडी सोडली, डावा बूट ओढला, आणि खडा फरशीवर टक् करून पडला.

मी डोळे मिटले. आता सगळ्यांसमोर उघडं पडलं, असं वाटून मला त्याच्यासाठी लाज वाटली.

"हे काय?" सबिनो म्हणाला. त्याने वाकून खडा उचलला, उजेडात धरला. "डेल्फा, दुकान झाडतेस की नाही कधी?"

"माझ्या दुकानात असले काळे खडे नाहीत. तुझ्याच बुटातून पडला."

"छे! एवढा मोठा असता तर कळलं नसतं मला?"

आणि त्याने तो खिडकीतून बाहेर भिरकावला. मी आजीची आठवण काढली आणि गप्प राहिले. सांगायचं नाही म्हणजे नाही. मला वाटलं, खोटं बोलावं तर असं, देवासाठी.

पहिला जोड घालून तो डेल्फाच्या फळीवर चढला. दुकानाच्या मधोमध एक उतरती फळी आहे, तिच्यावर तिने खरेखुरे दगड सिमेंटात बसवलेत. बूट घालून वर जायचं आणि उतरून दाखवायचं. चढताना टाच उचलली जाते का, उतरताना बोटं पुढे आदळतात का, ते बघायला.

"बोटं लागतात पुढे?"

"नाही."

डेल्फाने गुडघ्यावर बसून बुटाचं टोक अंगठ्याने दाबलं. "सबिनो, तुझा अंगठा इथे पार टेकलाय. उतरणीवर नख काळं होईल."

"मला तर मस्त वाटतंय."

"तुला काय, खोक्यात पाय घातलास तरी मस्त वाटेल. हा दुसरा घाल, एक नंबर मोठा."

दुसरा जोड घालून तो परत वर गेला, खाली आला, परत वर गेला. वर उभा राहून त्याने पाय आपटून बघितले आणि हसला.

"हेच. कुठे म्हणजे कुठे लागत नाहीत. जसे काही माझ्याच पायावर शिवलेत. फेलिसा, बघ, हे ठरले."

डेल्फाने पुन्हा टोक दाबलं. मग दुसऱ्या बुटाचं दाबलं. मग परत पहिल्याचं. तिचा तो मोठा आवाज अचानक खाली आला.

"सबिनो, बूट काढ."

"का? आवडले म्हटलं ना."

"काढ."

तिने डाव्या बुटात हात घातला आणि आतून कागद काढला. नव्या बुटाचा आकार राहावा म्हणून टोकाशी कोंबतात तो, मुठीएवढा, दाबून दाबून कडक झालेला गोळा. घाईत तो काढायचा राहून गेला होता. मग उजव्यातूनही काढला. दोन्ही गोळे तिने बाकावर शेजारी शेजारी ठेवले.



मी त्या कागदांकडे बघत होते. माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, की डेल्फाच्या कागदाचा नवस कुणी करत नाही. सकाळपासून जे मी मनात धरून बसले होते ते सगळं त्या बाकावर चुरगळून पडलं होतं. बोटं दुमडून, गोळ्यावर चेपून तो चालला होता, आणि हसला होता.

"मोजा काढ," डेल्फा म्हणाली.

"अगं, पण..."

"माझ्या आईला साखरेचा आजार होता, सबिनो. मोजा काढ."

मोजा सहज निघाला नाही. मी विणलेला गडद तपकिरी लोकरीचा मोजा. त्याच्यावर डाग दिसत नाही, आणि कार्मेले गेल्यापासून आपले मोजे तो स्वतःच धुतो. तळव्याला तो चिकटला होता. सुटला तेव्हा वास आला. मेंढीचा खूर सडतो तेव्हा येतो तसा वास. आम्ही दोघं बहीणभाऊ जन्मभर तो वास ओळखत आलोय.

चवड्यावर भोक होतं. माझी करंगळी आत गेली असती. कडा पांढऱ्या, फुगलेल्या, मध्ये ओलं आणि काळं. अंगठा निळा पडला होता.

सबिनोने पाय दुसऱ्या मांडीवर घेतला आणि त्याच्याकडे बघत राहिला. "हा माझा आहे?" त्याने विचारलं. खरंच विचारलं. डेल्फाकडे बघून विचारलं.

"डोळे मीट," ती म्हणाली. तिने कानामागची पेन्सिल काढली. "मी बोटाला हात लावला की सांग."

तो डोळे मिटून बसला. तिने पेन्सिलीचं टोक अंगठ्याला लावलं. मग दुसऱ्या बोटाला. मग दाबलं. मग शेवटच्या बोटापर्यंत जाऊन परत आली.

"लाव की," सबिनो म्हणाला. "कसली वाट बघतेस?"

मी तोंडावर हात दाबून धरला.

दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे आहे. डेल्फाने आधी फोन केला आणि आम्हाला दाराबाहेर ढकललंच. डाव्या पायाला तिने स्वच्छ पंचा गुंडाळून दिला, उजव्यात त्याने जुनाच बूट परत चढवला. तिथल्या मुलीने त्याच्या बोटाला सुई टोचली, यंत्रावरचा आकडा बघितला आणि यंत्र बिघडलं असेल म्हणून दुसरं आणलं. दुसऱ्यावरही तोच आकडा आला तशी ती आत पळाली.

आम्ही बाहेर बाकावर बसलो.

"दोन हिवाळे झाले," सबिनो म्हणाला. "पायाला थंडी वाजत नाही. बर्फातून आलो तरी नाही. मी सगळ्यांना सांगायचो, डोंगराने माझे पाय कमावलेत. आता त्यांना काही होत नाही."

"मलाही सांगितलं होतंस."

"तू काय म्हणालीस?"

"देवाची कृपा म्हणाले."

तो थोडा हसला. मग थांबला. मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं की तो काहीतरी जुळवतोय.

"फेलिसा. शनिवारी तू बुटांना चरबी लावतेस."

"हो."

"आज लावलीस?"

"लावली."

"आत हात घातलास का? मग तुला दिसला असेल."

मी खोटं बोलत नाही. त्या क्षणी बोलता आलं असतं तर बरं झालं असतं, पण नाही आलं.

"दिसला."

"मग?"

"परत ठेवला."

तो वळून माझ्याकडे बघायला लागला. एखादी मेंढी माणसासारखी बोलली असती तरी त्याने असं बघितलं नसतं.

"परत ठेवलास."

"मला वाटलं, तू नवस केलायस. आजी करायची तसा. कार्मेलेसाठी."

"मी?"

"हो."

"अगं, तिच्या नावाने मी साधी मेणबत्ती लावली नाही कधी!"

"मला माहीत आहे."

"आणि तरी तुला वाटलं, मी तिच्यासाठी दगडावर चालतोय."

"हो."

"केव्हापर्यंत वाटत होतं?"

"डेल्फाने कागद काढला तोपर्यंत."

त्याने डोळ्यांवर हात ठेवला. "म्हणून गाडीत तू तशी बघत होतीस. मला वाटलं, मिशीला अंडं लागलंय." त्याचे खांदे हलत होते, हसतोय की काय ते मला कळेना. मग हात काढून त्याने अगदी हळू विचारलं, "धार कुठे होती? वर की खाली?"

"वर."

"आणि ठेवलास कसा?"

"होता तसाच."

तो बाकावर माझ्यापासून थोडा दूर सरकला. जाणून नसेल. माझ्या बाजूची फळी मोकळी झाली आणि तिच्यावर माझा हात तसाच पडून राहिला. मला जपमाळ आठवत नव्हती. पहिला शब्दसुद्धा आठवत नव्हता. असं मला आयुष्यात कधी झालं नव्हतं.

समोरच्या भिंतीवर दातांचं चित्र होतं, त्याच्याकडे तो बराच वेळ बघत बसला. मग त्याने उजवा पाय पुढे केला.

"हाही बघ."

"डॉक्टर बघतील की."

"तू बघ. मला काही कळत नाही. काहीच कळत नाही, फेलिसा. आत काय असेल मला माहीत नाही."

मी खाली बसले. नाडी सोडली, बूट काढला, मोजा हळूहळू उतरवला. बोटं ठीक होती. चवडा ठीक होता, जाड, पिवळट. मी घोट्याला धरून पाय वर उचलला.

टाचेत सराटा होता. खालच्या माळावर हिवाळी कुरणात असतो तो, गाड्यांच्या टायरमध्ये घुसणारा. त्याचे दोन काटे आत, मुळापर्यंत, आणि बाकीचे चालून चालून पायाच्या कातडीबरोबर सपाट झालेले. खालच्या माळावरून आम्ही येऊन बरेच आठवडे झाले होते.

"आहे काही?" त्याने वरून विचारलं.

"आहे."

"काय?"

"सराटा."

"काढ ना मग."

"दुखेल," मी म्हटलं, सवयीने. मग आम्ही दोघंही एकमेकांकडे बघत राहिलो.

डॉक्टरांनीच तो काढला. त्या संध्याकाळी त्याला मोठ्या इस्पितळात नेलं, आणि आठवड्याभरात डाव्या पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट गेलं. पाय राहील की नाही हे कुणी छातीवर हात ठेवून सांगत नव्हतं. पहिल्या महिन्यात मी रोज तेच एक मागत होते, दुसरं काही नाही. मेंढ्या गुरुवारीच वर गेल्या, आमचा मावसभाऊ पाउलिनो आपला कळप आणि आमचा एकत्र करून घेऊन गेला. सबिनोला ते मी पलंगाशी बसून सांगितलं तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून झोपला.

पाय राहिला. ऑगस्टच्या शेवटी जखम भरली. डॉक्टर म्हणाले, डोंगर नको. धनगरांच्या तळापर्यंत घोड्यावरून गेलेलं चालेल, गोठ्यात, कुरणात चालेल, पण बूट नीट बघून घ्यायचे, आणि घालायच्या आधी रोज कुणीतरी आत हात घालायचा.

आम्ही परत डेल्फाकडे गेलो. तिने सबिनोला कागदावर उभं केलं आणि पायाभोवती पेन्सिल फिरवली, दोन बोटांची मोकळी जागा धरून. तो आकार कात्रीने कापला आणि बुटात सरकवला. कागदाची कड दुमडली की बूट अरुंद. पहिल्यात दुमडली. दुसऱ्यात दुमडली.

"पण हा मला ठीक वाटतोय," सबिनो म्हणाला.

"तुझ्या पायाची साक्ष इथे चालत नाही," डेल्फा म्हणाली. "गप्प बस."

तिसऱ्यात कागद सपाट बसला. कातडं एका तुकड्याचं, तळ शिवलेला, जीभ वरपर्यंत बांधलेली. डेल्फाने बूट माझ्या हातात दिला. मी आत हात घातला आणि डोळे मिटून बोटं फिरवली. टोकाशी काही नाही. टाचेशी काही नाही. बाहेरच्या बाजूला, करंगळीच्या जागी, आतल्या अस्तराची शिवण वर आली होती. मी तिथे परत परत हात नेला.

सबिनो माझ्या तोंडाकडे बघत होता.

"कसा आहे?"

"इथे शिवण जाड आहे. करंगळीला घासेल."

"दुखेल?"

"दुखेल," मी म्हटलं.

"मग नको," तो म्हणाला. "दुसरा दाखव, डेल्फा."